मिक्सर-फ्रिज घेताना खोक्यावरचं नको, पाटीवरचं वाचा

नागपुरात बर्डीवर चार दुकानं फिरलं की एकाच मिक्सरच्या भावात दोन-तीनशे रुपयांचा आणि फ्रिजच्या भावात हजार-दीड हजाराचा फरक निघतो. तेवढ्यासाठी भर उन्हात दोन तास पायपीट करायला सगळे तयार असतात. फ्रिजवरचं स्टारचं लेबल आणि आतल्या भिंतीवर चिकटवलेली पाटी मात्र वाकून कुणी वाचत नाही. आणि पुढच्या दहा वर्षांचा खर्च नेमका तिथेच लिहिलेला असतो.

स्वयंपाकघरातल्या प्रत्येक यंत्राचा एक खर्च दुकानात दिसत नाही, आणि तो प्रत्येकाचा वेगळा. मिक्सरचा भांड्यांत आणि कपलरमध्ये, म्हणजे भांडं ज्यावर बसतं त्या दातेरी चाकात. फ्रिजचा वीजबिलात. वॉटर प्युरिफायरचा फिल्टरमध्ये. चिमणीचा पाइपात. दोन मॉडेलं शेजारी ठेवायची तर आधी हा लपलेला खर्च कुठे आहे ते हुडकायचं आणि त्यावर तुलना करायची. बाकी रंग, दिवे, टचची बटणं यांना शेवटी काय ते गुण द्या.

मिक्सरपासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते.

खोक्यावर मोठ्या अक्षरात 750 वॉट लिहिलेलं असतं. हा आकडा मोटर किती वीज खेचते त्याचा. पात्यापर्यंत किती जोर पोचतो ते त्यावरून कळत नाही. वॉट जास्त म्हणून बिल वाढेल ही भीतीही फुकाची. 750 वॉटचा मिक्सर रोज दहा मिनिटं चालवला तर महिन्याला चार युनिटसुद्धा होत नाहीत. चटणी, ताक, दाण्याचं कूट एवढंच करायचं असेल तर 500 वॉट पुरे. पण घरी सावजी मसाला वाटायचा असेल, वडाभाताच्या डाळी भरडायच्या असतील, इडलीचं पीठ काढायचं असेल, तर 750 च्या खाली जाऊ नका. 1000 वॉट चार-पाच माणसांच्या घरात क्वचितच लागतो. डबे करणाऱ्या किंवा मसाले विकणाऱ्या बायांची गोष्ट वेगळी.

आता मिक्सर उलटा करा. बुडाशी पाटी असते. त्यावर वॉट, व्होल्ट, आयएसआयची खूण (मिक्सरसाठी मानक आयएस 4250) आणि बहुतेक वेळा '30 मिनिटे' असं रेटिंग दिलेलं असतं. याचा अर्थ अर्धा तास सलग चालवा असा होत नाही. पुस्तिकेत खुलासा असतो: पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद, अशा सहा फेऱ्या. पुस्तिका कुणी उघडत नाही. मग दिवाळीच्या आधी दोन किलो मसाला एका बैठकीत काढायला बसतात आणि मोटर जळाल्याचा वास आला की कंपनीच्या नावाने बोटं मोडतात.

वास का येतो तेही सांगतो. मिक्सरची मोटर रिकामी असताना मिनिटाला 18 ते 20 हजार फेरे घेते. ओझं वाढलं की फेरे कमी होतात, फेरे कमी झाले की मोटर जास्त करंट ओढते, आणि करंट वाढला की तारा तापतात. म्हणजे मिक्सर 'कण्हत' चालतो तेव्हाच तो सर्वात जास्त तापत असतो. बुडाशी एक लाल बटण असतं, ते ओव्हरलोड. जास्त तापलं की ते बाहेर येतं आणि मिक्सर बंद पडतो. अशा वेळी मिक्सर बिघडलेला नसतो. स्विच बंद करा, भांड्यातला अर्धा माल काढा, पाच-सात मिनिटं थांबा, बटण आत दाबा. नवा मिक्सर पहिल्या दोन-तीन वेळा वार्निशचा वास सोडतो, तोही दोष नव्हे. दुकानात विचारायचं ते हे: ओव्हरलोड बटण आहे का? स्वस्तातल्या काही मिक्सरला ते नसतं, आणि मग तापल्यावर सरळ मोटरच जाते.

मसाल्याचं भांडं एक तृतीयांश, फार तर अर्धं भरायचं. भाजलेला मसाला पूर्ण गार होऊ द्यायचा. कोमट मसाल्याची वाफ भांड्यातच धरते, गोळे होतात आणि झाकणाचं रबर सैल पडतं. आधी दालचिनी, लवंग, धने, दगडफूल असं कोरडं आणि कडक, तेही एकसारखं न फिरवता पल्सवर चार-चार सेकंद. खोबरं आणि खसखस सगळ्यात शेवटी, कारण त्यांना तेल सुटतं आणि मसाला पात्याखाली चिकटून बसतो. वर नुसतंच पातं फिरतं, आवाज हलका होतो, आणि आपल्याला वाटतं बारीक झालं. हळकुंडं खलबत्त्यात फोडल्याशिवाय टाकूच नका.

मिक्सर निवडताना अर्धी नजर मोटरवर, अर्धी भांड्यांवर हवी. भांडं हातात घ्या, पातं चिमटीत धरून आडवं हलवून पाहा. जराही खुळखुळलं तर ते भांडं नको, दुसरं काढायला सांगा. पात्याच्या दांड्याखाली बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती कडी असते. ती झिजली की भांड्याच्या बुडातून काळसर पाणी गळायला लागतं, ते कपलरवर आणि तिथून मोटरमध्ये उतरतं. भांडी गळतात म्हणून मेलेल्या मोटरी रिपेअरिंगच्या दुकानात ढिगाने पडलेल्या असतात. घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी भांड्यात पाणी भरून वर्तमानपत्रावर पंधरा मिनिटं ठेवा. कागद ओला झाला तर त्याच दिवशी बदलून आणा.

काही जण खिशात लोहचुंबक घेऊन जातात, स्टील 304 आहे की 202 ते पाहायला. त्याचा उपयोग नाही. चुंबक दोघांनाही धड चिकटत नाही. भांड्याची जाडी, काठाची घडी आणि हँडलचे स्क्रू पाहिलेले बरे.

कपलर म्हणजे मोटरच्या माथ्यावरचं ते दातेरी रबरी किंवा प्लास्टिकचं चाक. भांडं अडकलं तर आधी ते तुटावं आणि मोटर वाचावी, अशीच त्याची रचना आहे. म्हणून 'मोटरवर पाच वर्षं वॉरंटी' ऐकून हुरळू नका. कपलर, बुश, पाती, झाकणाचं रबर हे झिजणारे भाग त्यात बहुधा धरत नाहीत, आणि जातात ते हेच. विचारायचा प्रश्न वेगळा आहे. "भाऊ, या मॉडेलचं चटणीचं भांडं सुटं मिळतं का, आणि केवढ्याला?" यावर दुकानदार "काकू, कंपनीत विचारावं लागेल" म्हणाला, तर चार हजारांचा मिक्सर पाच वर्षांनी एका भांड्यापायी भंगारात जाणार असं समजा. ज्याचे सुटे भाग इतवारीच्या बाजारात हाताला लागतात, तो मिक्सर पाचशे रुपयांनी महाग असला तरी मी तोच घ्यायला सांगेन.

फ्रिजचं गणित बरोबर उलटं. तिथे सुटे भाग फारसे लागत नाहीत, वीज मात्र चोवीस तास लागते.

स्टारच्या लेबलवर ताऱ्यांखाली एक आकडा असतो: वर्षाला किती युनिट. तुलना या आकड्याची करायची, ताऱ्यांची नाही. ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलवरचे चार तारे आणि नव्यावरचे तीन तारे कधी कधी सारखेच निघतात. लेबलवर त्याचा कालावधी छापलेला असतो, तोही पाहा.

समजा एकाच लिटरचे दोन फ्रिज आहेत. एकावर वर्षाला 220 युनिट, दुसऱ्यावर 160. फरक 60 युनिटांचा. आता युनिटचा भाव कोणता धरायचा? लोक बिलाची रक्कम भागिले युनिट करतात, ते चूक. महावितरणच्या घरगुती बिलात 100, 300, 500 युनिट असे टप्पे असतात आणि वरच्या टप्प्याचा दर चढा असतो. फ्रिजने वाचवलेली वीज तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्यातून कमी होते. म्हणून शेवटच्या टप्प्याचा दर घ्या, त्यात वहन आकार आणि इंधन समायोजन मिळवा, वर 16 टक्के वीज शुल्क लावा. स्थिर आकार सोडून द्या, तो फ्रिज असो-नसो भरायचाच आहे. समजा हे सगळं मिळून 12 रुपये आले. 60 गुणिले 12 म्हणजे वर्षाला 720 रुपये. दोन फ्रिजच्या किमतीत 5,000 चा फरक असेल तर तो वसूल व्हायला जवळजवळ सात वर्षं. फरक 2,000 चा असेल तर तीन वर्षांच्या आत. म्हणजे पाच स्टार घ्या किंवा घेऊ नका असं सरसकट सांगता येत नाही, आपापलं बिल काढून बसावं लागतं. ज्यांच्याकडे उन्हाळ्यात एसी चालतो ते वरच्या टप्प्यात जातात आणि त्यांना पाच स्टार लवकर परवडतो. ज्यांचं बिल बाराही महिने शंभर युनिटच्या आत असतं, त्यांना तीन स्टारच ठीक.

लेबलवरचे युनिट प्रयोगशाळेतल्या ठरावीक तापमानातले आहेत. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि ओट्याजवळ गॅस पेटलेला असतो. तेव्हा प्रत्यक्ष खर्च लेबलपेक्षा जास्तच येणार, दोन्ही फ्रिजचा.

उन्हाळ्यावरून आठवलं. सगळ्यात कमी वाचली जाणारी गोष्ट म्हणजे फ्रिजच्या पाटीवरचा 'क्लायमेट क्लास'. भाजीच्या ट्रेच्या मागे किंवा आतल्या डाव्या भिंतीवर पाटी असते. 'एन' म्हणजे 16 ते 32 अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, 'एसटी' म्हणजे 38 पर्यंत, 'टी' म्हणजे 43 पर्यंत. आपल्याकडे 'टी' शिवाय दुसरा विचारच करू नये. आणि 'टी' सुद्धा 43 ला संपतो. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या स्वयंपाकघरात मे महिन्याच्या दुपारी फ्रिज न थांबता चालत राहिला आणि दूध हवं तसं गार झालं नाही, तर तो लगेच बिघडला असं नाही, तो त्याच्या मर्यादेपलीकडे चाललेला असतो. अशा घरात फ्रिज गॅसपासून लांब, पश्चिमेची भिंत सोडून, मागे आणि बाजूंना चार बोटं तरी मोकळी ठेवून लावा. आता बऱ्याच फ्रिजची गरम नळी बाजूच्या पत्र्यातच असते, त्यामुळे बाजू हाताला चटका देईल इतकी तापते. फ्रिज कोनाड्यात घट्ट बसवला तर ती उष्णता जाणार कुठे? म्हणून दुकानात जाताना कोनाड्याचं माप टेपने घेऊन जा, दार पूर्ण उघडायला लागणाऱ्या जागेसकट.

लिटरच्या आकड्यातही मेख आहे. जाहिरातीतली क्षमता बहुधा एकूण असते. लेबलवर साठवणीची क्षमता वेगळी छापलेली असते, ती कमी भरते. लिटरमागे भाव काढायचा तर साठवणीच्या आकड्यावर काढा.

एकदारी डायरेक्ट कूल की फ्रॉस्ट फ्री? डायरेक्ट कूल स्वस्त, वीज कमी, आणि लाइट गेल्यावर बर्फाच्या थरामुळे गारवा जास्त टिकतो. पण बर्फ बोटाच्या अर्ध्या जाडीचा व्हायच्या आत वितळवावा लागतो. बर्फ उचकटायला सुरी वापरलीत तर नळीला भोक पडून गॅस जातो, आणि ती दुरुस्ती वॉरंटीत बसत नाही. फ्रॉस्ट फ्रीमध्ये पंखा गार वारा फिरवतो, त्यामुळे बर्फ साचत नाही, पण उघडा ठेवलेला सांबार (कोथिंबीर) दोन दिवसांत सुकतो. त्याला डबाच हवा. तिघा-चौघांच्या घरात, आठवड्याची भाजी एकदम आणणाऱ्यांना, फ्रॉस्ट फ्री सोयीचा. एकट्या-दुकट्याला डायरेक्ट कूल पुरतो आणि उरतो.

'कंप्रेसरवर 10 वर्षं वॉरंटी' हे वाक्य नीट वाचा. साधारणपणे पहिलं एक वर्ष सगळं, पुढे फक्त कंप्रेसर. गॅस भरणं, मजुरी, येण्याजाण्याचा खर्च आणि मुख्य म्हणजे सर्किट बोर्ड त्यात आहे का, ते लेखी पाहा. इन्व्हर्टर कंप्रेसर हळू सुरू होतो, कमी आवाज करतो, वीज वाचवतो, हे खरंच. पण त्याला चालवणारा बोर्ड व्होल्टेजच्या झटक्याने जातो आणि तो हजारोंचा असतो. 'स्टॅबिलायझरची गरज नाही' याचा अर्थ पाटीवर किंवा पुस्तिकेत दिलेल्या व्होल्टेजच्या पट्ट्यात गरज नाही, एवढाच. ज्या वस्तीत लाइट येते-जाते आणि आल्यावर ट्यूब भडकते, तिथे स्टॅबिलायझरचे दोन-अडीच हजार वाचवू नका.

दुकानात उभ्या असलेल्या फ्रिजचं रबर तपासायला दहाची नोट पुरते. दारात नोट अडकवून दार लावा आणि ओढा. चारही बाजूंना ती अडून यायला हवी. सुळकन निघाली तर तिथून गारवाही तसाच निघणार.

इंडक्शनबाबत एवढंच. 6 अँपिअरच्या सॉकेटमधून 230 व्होल्टला जास्तीत जास्त 1380 वॉट मिळतात. 1800 किंवा 2000 वॉटची शेगडी घेतली तर 16 अँपिअरचा पॉइंट आणि त्याला साजेशी जाड तार हवी. महाल भागातल्या जुन्या वाड्यांत ओट्यावर हा पॉइंट नसतो. मग लोक कन्व्हर्टर पिन लावतात आणि सॉकेट वितळतं. वायरमनचा खर्च शेगडीच्या किमतीत धरूनच तुलना करा. लोहचुंबक खरा इथे कामाला येतो: भांड्याच्या बुडाला घट्ट चिकटला तर ते चालेल. मंद आचेवर स्वस्त शेगडी आच कमी करत नाही, चालू-बंद होत राहते, म्हणून खीर करपते. गॅसच्या शेगडीवर आयएसआय आणि आयएस 4246 पाहा. त्या मानकात किमान 68 टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोचण्याची अट आहे.

चिमणीच्या ताकदीचा आकडा, तासाला 1200 घनमीटर हवा वगैरे, पाइप न जोडता मोजलेला असतो. दहा बाय आठच्या, दहा फूट उंचीच्या स्वयंपाकघरात सगळी मिळून तेवीस घनमीटरच्या आसपास हवा असते, त्यामुळे हजार आणि बाराशे यांत पैसे घालवण्यात अर्थ नाही. पैसे पाइपात घाला: सहा इंची, जमेल तितका सरळ, वळणं एक-दोनच, आणि कुठेही चार इंचावर आणलेला नाही. सावजी फोडणीचा धूर चुरगळलेल्या लवचीक पाइपात तेल सोडत जातो आणि वर्षभरात ओढ निम्मी होते. उंची शेगडीपासून दोन ते अडीच फूट.

प्युरिफायर घेण्याआधी तीनेकशे रुपयांचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. महापालिकेचा नळ त्याच्या बराच खाली दाखवत असेल तर आरओ कशाला? यूव्ही (अतिनील किरण), यूएफवर (बारीक गाळणी) भागतं आणि दोन-तीन लिटर पाणी फेकून एक लिटर मिळवायची वेळ येत नाही. बोअरवेलचं पाणी असेल, किंवा सोसायटीच्या टाकीत दोन्ही मिसळत असतील, तर मापून मगच ठरवा. उन्हाळ्यात टँकर लागत असेल तर तेव्हाही मापा. आणि भाव विचारताना यंत्राच्या जोडीने वर्षाच्या फिल्टरसंचाचा आणि मेम्ब्रेनचा भाव त्याच कागदावर लिहून घ्या. सहा हजारांचं यंत्र आणि वर्षाला चार हजारांची सर्व्हिस, अशा जोड्या बाजारात भरपूर आहेत.

आता भावाचं. आधी मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून घ्या. ऑनलाइन दिसणारं आणि दुकानातलं यंत्र दिसायला एकच असतं, नंबरात एक अक्षर वेगळं असतं, आणि त्या एका अक्षरात एक भांडं किंवा एक स्टार कमी असतो. एमआरपीवर किती टक्के सूट हे ऐकूच नका. विचारायचं: घरी पोचवून, बसवून, सगळं धरून हातातून किती जाणार?

'जीएसटी कमी झाला' हे फ्रिज-मिक्सर विकताना सांगितलं तर हसून सोडून द्या. या दोन्हींवरचा कर जुलै 2018 मध्येच 28 वरून 18 टक्क्यांवर आला. 22 सप्टेंबर 2025 पासून जो 28 चा 18 झाला त्यात स्वयंपाकघरातली मोठी वस्तू म्हणजे डिशवॉशर. फ्रिज तेव्हाही 18 वर होता, आजही त्याच दरावर आहे.

नो कॉस्ट इएमआयमध्ये बँकेचं व्याज असतंच, दुकान किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते. व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याकडेच राहते. व्याज 2,700 असेल तर कर 486, वर फी. म्हणून रोख देणाऱ्याने सरळ विचारावं: "इएमआयवाल्याला जी सूट देता, ती मला रोखीत द्या." पाडवा आणि धनत्रयोदशीच्या गर्दीत हे कुणी ऐकत नाही. पितृपक्षात किंवा महिनाअखेरच्या आठवड्यात बरेचदा ऐकतात.

कच्च्या बिलावर हजार-दोन हजार कमी करतो म्हणाले तर नको म्हणा. पक्क्या बिलाशिवाय वॉरंटीचं भांडण लढता येत नाही. बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर दोन्ही हवेत, आणि माल घरी आल्यावर टेम्पोवाल्यासमोरच पाटीवरचा सीरियल नंबर बिलाशी ताडून पाहा. आयएसआयच्या खुणेसोबतचा लायसन्स नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो. दुकानदार आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवायला लागले तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

बरीच बिलं आता थर्मल कागदावर येतात. आपल्या उन्हाळ्यात कपाटात ठेवलेलं ते बिल एक-दोन वर्षांत कोरं होतं, आणि कंप्रेसरची वॉरंटी दहा वर्षांची असते. आणल्या दिवशीच बिलाचा आणि पाटीचा फोटो काढा, झेरॉक्स काढून फ्रिजच्या पुस्तिकेत ठेवा.